लाकडाचा भुसा आणि सिमेंट



"फादर, वखारीतला भुसा सिमेंटात घातला तर एखादे पोते वाचेल का?" खासबागेतल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला या उन्हाळ्यात तीनदा ऐकावा लागला. माझे मत स्पष्ट आहे. वाचेल, पण भुसा धुतल्याशिवाय नाही, आणि स्लॅब, तुळई व खांब यांत तर कधीच नाही.

आपला मुलूख गुळाचा. आजोबांच्या वेळचे गवंडी घाणीच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालीत, आणि त्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणून गोड पदार्थ बांधकामाला बळ देतो, असा समज आहे. चुन्याच्या बाबतीत तो खरा. सिमेंटची गोष्ट नेमकी उलटी! चुना हवेने घट्ट होतो, सिमेंट पाण्याने. आणि साखर सिमेंटच्या कणांवर बसून पाण्याचे काम अडवते. पन्नास किलोच्या पोत्यात पंचवीस ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट धरायला काही तास उशीर होतो. अर्धा किलो गेली, तर ते जवळजवळ धरतच नाही. लाकडातही साखर असते, शिवाय तुरट द्रव्ये असतात. कोरडा भुसा घमेल्यात ओतून "माल कच्चा राहिला" म्हणून गवंड्याला बोल लावणे बरे नव्हे.

भुसा गरम पाण्यात रात्रभर भिजवावा. तांबूस पाणी टाकून पुन्हा धुवावा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग चुन्याची निवळी शिंपडावी आणि ओलसर असतानाच मिसळावा, नाहीतर तो सिमेंटचेच पाणी पिऊन टाकतो. असा माल साध्या काँक्रीटच्या निम्म्याहूनही हलका होऊ शकतो, ऊन कमी आत येऊ देतो आणि त्यात खिळाही बसतो. लाकडाचे तंतू व सिमेंट यांच्या फळ्यांसाठी आपल्या देशात सरकारी मानकही आहे, तेव्हा ही काही खुळी कल्पना नव्हे. पण ताकद घटते, आणि ओल लागली की हा माल फुगतो, वाळला की आकसतो. आपल्याकडचा पाऊस पाहता तो घरातल्या आडभिंतीला ठीक. गोठ्यात, जिथे गोमूत्र साचते, तिथे खालचे दोन हात तरी दगडाचेच असू द्यावेत.

आणखी एक. भुसा चाळताना नाकातोंडाला ओले फडके बांधा. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. ओल्या सिमेंटात उघडे हात-पाय घालू नका, कातडी भाजते. हे काम मुलांना तर सांगूच नका.

सागवान, ऐन, किंजळ, प्रत्येकाचा भुसा वेगळा, आणि वखारीत सगळा एकत्रच पडलेला असतो. म्हणून आधी वाटीभर माल कालवून त्याची वडी थापा. शेजारी भुशाशिवायची दुसरी वडी ठेवा. दोन दिवसांनी दोन्हींवर खिळा ओढून पाहा. भुशाच्या वडीत खिळा सहज रुतला, तर तो भुसा गुरांखाली अंथरा.