विश्लेषण : ‘हेड हंटर्स’चा प्रभाव पाच दशकांनंतरही का टिकून आहे?

अमेरिकी जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांना २०२५चा पोलर संगीत पुरस्कार मिळाला. स्वीडनच्या या पुरस्काराला संगीताचे नोबेल म्हटले जाते. हॅनकॉक यांच्या ‘हेड हंटर्स’ (१९७३) या अल्बमने जॅझचा श्रोतृवर्ग वाढवला. पण उसन्या सुरांचे श्रेय कोणाचे, हा वादही त्यातूनच उभा राहिला.

हॅनकॉक यांनी वाट का बदलली?

माइल्स डेव्हिस यांच्या गाजलेल्या पंचकातून बाहेर पडल्यावर हॅनकॉक यांनी ‘म्वांडिशी’ हा प्रयोगशील चमू चालवला. समीक्षकांनी तो नावाजला, पण श्रोते मोजकेच होते आणि खर्च झेपेना. अखेर त्यांनी तो बंद केला आणि स्लाय स्टोन यांच्या फंक संगीताकडे मोर्चा वळवला. जुन्या चमूतील सॅक्सोफोनवादक बेनी मॉपिन तेवढे सोबत राहिले.

अल्बममध्ये वेगळे काय होते?

रचना चारच. ‘कमीलियन’ ही पहिली रचना १५ मिनिटांहून मोठी. तिची सुरुवातीची प्रसिद्ध बास धून बास गिटारवर नव्हे, तर सिंथेसायझरवर वाजवलेली आहे. अल्बममध्ये गिटारवादकच नाही. त्याची जागा क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डने भरून काढली. ठेका नाचता येईल असा, पण त्यावरचे उत्स्फूर्त वादन अस्सल जॅझचे.

प्रभाव किती?

अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जॅझसाठी हा आकडा तेव्हा अचंबित करणारा होता. पुढे हिप-हॉप निर्मात्यांनी त्यातील तुकडे आपल्या गाण्यांत वापरले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००७च्या यादीत त्याचा समावेश केला.

वाद कशावरून?

‘वॉटरमेलन मॅन’ ही १९६२ची रचना हॅनकॉक यांनी येथे नव्याने बांधली. तिच्या आरंभी बिल समर्स बीअरच्या बाटलीत फुंकर घालतात. ही शैली मध्य आफ्रिकेतील बा-बेंझेले समुदायाची. पपईच्या देठाच्या एकसुरी पिपाणीचा आणि गळ्यातील स्वराचा आलटून पालटून वापर, हे तिचे वैशिष्ट्य. सिम्हा आरोम आणि जेनेव्हिएव्ह तोरेल यांनी केलेले तिचे ध्वनिमुद्रण १९६६मध्ये प्रसिद्ध झाले होते. मॅडोना यांच्या १९९४च्या ‘सँक्च्युअरी’त हॅनकॉक यांच्या रचनेचा तुकडा आला, तेव्हा गीतकारांत हॅनकॉक यांचे नाव लागले, बा-बेंझेलेंचे नाही. संगीत-मानववंशशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनी १९९६मध्ये या विषमतेवर बोट ठेवले.

आज हे महत्त्वाचे का?

स्वामित्व हक्काचा कायदा नाव असलेल्या रचनाकाराला संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या समुदायाने जपलेल्या शैलीला असा एक मालक नसतो. म्हणूनच तिचा वापर करणाऱ्याचे नाव नोंदले जाते आणि मूळ गाणारे निनावी राहतात. कृत्रिम बुद्धिमत्तेला जगभरचे संगीत पुरवले जात असताना हाच प्रश्न अधिक मोठा होऊन परतला आहे.