मॅक्सची आडवाआडवी

मॅक्स व्हर्स्टापन मला आवडतो. २०१५ मध्ये सतरा वर्षांचा असताना फॉर्म्युला वनमध्ये आला, पुढच्या वर्षी स्पेनची शर्यत जिंकला... पोरगं अफाटच! पण २०१६ मध्ये स्पाला, केमेलच्या सरळ पट्ट्यात, त्याने किमी रायकोनेनला अडवलं ते मला अजून पटत नाही. वाट अडवणं हा खेळच आहे हो. पण मागच्याने बाजू निवडल्यावर, ताशी तीनशेच्या आसपास, तिकडेच गाडी घालायची? म्हणजे धाडस याचं, आणि ब्रेक मारून अपघात टाळायचा त्याने! शिक्षा काहीच नाही. मॉन्झाला चार्ली व्हाइटिंगने समज दिली, बस्स. ऑक्टोबरमध्ये एफआयएने ब्रेक मारताना दिशा बदलायला मनाई केली. (२०१७ मध्ये तीही सैल केली, असो.) ‘लहान आहे, शिकेल’ म्हणणाऱ्यांनी एकदा किमीच्या गाडीत बसून बघावं.