ब्लँकेटं पुरे, आता रिकाम्या गोण्या द्या



पाऊस उघडला, हळवा भात कापणीला आला की आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात देणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. हरसूल रस्त्याने गाड्या पाड्यांवर जातात, ब्लँकेटं, फराळाची पाकिटं आणि जुने कपडे वाटले जातात, बायाबापड्यांना एका रांगेत बसवून फोटो निघतो. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या गाठोड्यांतून काय निघतं ते एकदा थांबून पाहा. चेन तुटलेल्या जीन्स, कुणाच्या तरी लग्नातले झगमगीत घागरे, जोडी हरवलेला एकच बूट. नागलीच्या शेतात हे घालून कोण जाणार? उरलेला ढीग समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडतो आणि उंदरांची सोय होते. तेव्हा यंदा कपडे आणू नका. काय आणायचं ते पुढे सांगतो.

आपला तालुका कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी यांचा. ब्रह्मगिरीवर पडणाऱ्या पावसातून गोदावरी निघते आणि १,४६५ किलोमीटर वाहत समुद्राला मिळते. वैतरणाही याच डोंगरांतली, तिचं पाणी मुंबई पिते. आणि होळी सरली की ब्रह्मगिरीच्याच अंगावरच्या मेटघर किल्ला गावच्या बाया हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. कातळ उघडा, उतार तीव्र, पाणी थांबायला जागा नाही, हे झालं निसर्गाचं कारण. धरणं बांधली ती खालच्या शहरांसाठी आणि पाड्याच्या वर ओढा अडवायचं कुणाला सुचलं नाही, हे आपलं.

खरशेतच्या शेंद्रीपाड्याचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. डोक्यावर हंडे घेऊन लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडणाऱ्या बायांची छायाचित्रं गाजली, जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी साकव झाला, मंत्री आले. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो टिकला नाही आणि बाया पुन्हा बल्ल्यांवर आल्या. घाईने केलेल्या कामाचं आमच्या पावसात असंच होतं. नदी किती चढते हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना आधी विचारायला हवं होतं.

म्हणून पहिली मागणी रिकाम्या गोण्यांची. सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं निघाली आहेत, तालुक्यात सिमेंट येतं आहे आणि गोण्या उकिरड्यावर जात आहेत किंवा जाळल्या जात आहेत. ठेकेदारांनी, घर बांधणाऱ्यांनी, लॉजवाल्यांनी त्या झटकून, गठ्ठे बांधून जवळच्या ग्रामपंचायतीत पोचवाव्यात. ओढ्याला धार आहे तोवरच वनराई बंधारा घालायचा असतो. गोणीत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशा रचायच्या. दोन-चारशे गोण्यांत लहान ओढा अडतो. गुरांना पाणी होतं, खालच्या विहिरीला पाझर मिळतो. जागा पाड्यावरची माणसं दाखवतील. शहरातून श्रमदानाला येणाऱ्यांनी जेवणाचा डबा आणावा, पाड्यावर पाहुणचाराचा भार टाकू नये.

दुसरी मागणी थोड्या चिकाटीची आहे. कातकरी ही सरकारदप्तरी आदिम जमात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, घरकुलं मंजूर होऊ लागली. पण दाराशी आलेली योजना कागदावर अडते. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या घराण्याच्या नावावर गुंठाभर जमीन कधी नव्हती, त्याने तो कुठून काढायचा? आपल्या त्र्यंबकेश्वर गावात तर याची गंमतच आहे. परमुलखातून आलेल्या यजमानाला त्याच्या पणज्याचं नाव आपले उपाध्ये नामावळीच्या वहीतून काढून दाखवतात, आणि डोंगरापलीकडच्या कातकऱ्याला स्वतःच्या आज्याचं नाव शाबीत करता येत नाही! पुरावा नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याची वाट आहे. पण तसा अर्ज लिहायला, तलाठ्याकडे नि तहसीलला दोन-तीनदा खेटे घालायला सोबत कुणीतरी लागतं. निवृत्त शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, वकील, तुम्हीच ते. आठवड्याचा एक दिवस द्या. एका वाडीची सगळी आधार कार्डं, जन्मनोंदी, दाखले पुरे होईतो ती वाडी सोडू नका. दहा वाड्यांत एकेकदा जाऊन आल्याने काही होत नाही.

आता बागायतदारांशी दोन शब्द. भातकापणी आटोपली की आमच्या पाड्यांवरची जोडपी बोचकी घेऊन गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी राहतात. तिथून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत जातात. त्यांना ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी द्या. उचल दिली असेल तर तिचा हिशेब त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा. सोबत मुलं आली तर जवळच्या शाळेत बसवा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, त्यावर दुसऱ्या गावची शाळा प्रवेश देते. गुरुजींनी ते पत्रक कुटुंब निघण्याआधी हातात द्यावं, नंतर त्यांना कुठे शोधणार?

शेवटचं सांगताना हात जड होतो. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या उभाड्याची दहा वर्षांची कातकरी मुलगी मेंढ्या राखायला वेठीला ठेवली होती. २०२२ मध्ये तिचा जीव गेला. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, तरी एखादी मेंढी आणि थोड्या पैशांवर लेकरं दिली-घेतली गेली. आई-बापांना बोल लावणं सोपं आहे. लग्नाला, दुखण्याला, पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत धान्याला ते ज्याच्याकडून उचल घेतात तो माणूस आपल्यातलाच असतो. मेंढरांच्या वाड्यावर, भट्टीवर, ढाब्यावर, कुणाच्या घरी शाळेच्या वयाचं मूल राबताना दिसलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो.