मालाची प्रतवारी आणि संकेतस्थळाची मांडणी

वऱ्हाडातील शेतकऱ्यास बाजाराची शिस्त नवी नाही. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा अमलात आला. बाजाराची जागा निश्चित असावी, वजनमापे खरी असावीत आणि व्यवहार समितीच्या देखरेखीखाली व्हावेत, हे त्या व्यवस्थेमागील सूत्र होते. परक्या गावच्या खरेदीदाराने निःशंक मनाने यावे, पाहावे आणि सौदा करावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

आता ह्या बाजाराच्या जोडीस दुसरा एक बाजार उभा राहिला आहे. त्यास कुंपण नाही, वार नाही आणि वेळेचे बंधनही नाही. तो इंटरनेटवरील बाजार होय. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि २०२० साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. अशा संघटना संकेतस्थळही तयार करून घेतात. परंतु संकेतस्थळ असणे निराळे आणि त्यावरून माल विकला जाणे निराळे. ह्या दोहोंमधील अंतर बहुधा मांडणीच्या गुणदोषांतून पडते. म्हणून मांडणी हा शोभेचा विषय नसून विक्रीचा विषय आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावयास पाहिजे.

गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवावे

तेल्हारा तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी ओलिताची शेती, तर दक्षिणेस पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. वरच्या भागात केळी, संत्रा व पानपिंपरीचे मळे आहेत, तर खालच्या भागात कोरडवाहू कापूस, तूर आणि हरभरा. ह्या प्रत्येक मालाचे गिऱ्हाईक वेगळे आहे. केळीचा घड उतरला की त्यास दिवस मोजूनच बाजार गाठावा लागतो. तेथे व्यापारी बांधावर येतो आणि सौदा तेथल्या तेथे होतो. त्यासाठी संकेतस्थळाचा फारसा उपयोग नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

पानपिंपरीची गोष्ट तशी नाही. हा माल वाळवून साठविता येतो. सुंठ व मिरी यांच्यासह त्रिकटू चूर्णात तिची योजना होते, त्यामुळे तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आयुर्वेदीय औषधे तयार करणारे कारखानदार. ते दूरच्या शहरांत बसलेले असतात. तेल्हारा, अकोट व अंजनगाव सुर्जी ह्या भागांत पानपिंपरीचे मळे आहेत, हे त्यांपैकी सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. असा खरेदीदार इंटरनेटवर शोध घेतो, तेव्हा तो ‘पानपिंपरी’ हा शब्द लिहीलच असे नव्हे. कोणी ‘पिंपळी’ लिहील, कोणी ‘लेंडी पिंपळी’, कोणी ‘पिप्पली’, तर कोणी इंग्रजीतील ‘लाँग पेपर’ हे नाव. ज्या पानावर केवळ गावातील नाव लिहिले आहे, ते पान ह्या खरेदीदारास सापडण्याची शक्यता फार थोडी. माल कोठारात आणि गिऱ्हाईक दारात असूनही दोघांची भेट होत नाही. म्हणून मालाची सर्व प्रचलित नावे, देवनागरीत व रोमन लिपीतही, पानावर स्पष्ट लिहिलेली असावीत.

पाच प्रश्नांची उत्तरे

बाजार समितीच्या आवारात खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेतो, दाताखाली धरतो आणि मग बोली बोलतो. संकेतस्थळावर त्यास हे करता येत नाही. तेथे पान हाच नमुना होय. पान अव्यवस्थित असेल, तर मालही तसाच असावा असा त्याचा ग्रह होतो आणि तो पुढच्या दुकानाकडे वळतो. दुर्दैवाने पुष्कळ पाने उघडली की प्रथम स्वागताचा मजकूर दिसतो, मग सत्कारसमारंभांची छायाचित्रे सरकू लागतात आणि मालाचा पत्ता शोधत तीन दारे ओलांडावी लागतात. संचालकांचा सन्मान अवश्य व्हावा, पण दुकानाच्या दर्शनी भागात पोतीच दिसली पाहिजेत.

खरेदीदाराचे प्रश्न पाच असतात. माल कोणता? प्रत कशी? किती आणि कोणत्या महिन्यात मिळेल? भाव काय आणि निदान किती घ्यावा लागेल? बोलणी कोणाशी करावयाची आणि माल पोचेल कसा? ह्या पाचांची उत्तरे पहिल्याच पानावर, थोडक्यात आणि ठळक असावीत. प्रतीविषयी लिहिताना ‘उत्कृष्ट’, ‘दर्जेदार’ असे शब्द निरुपयोगी ठरतात. ओलावा किती, काडीकचरा किती, माल चाळलेला आहे की नाही, नमुना पाठविला जाईल की नाही, हे सांगणे म्हणजे प्रतवारी होय. भाव लिहिल्यास त्याखाली तारीख लिहावी. गेल्या वर्षीचा भाव ‘आजचा भाव’ म्हणून पानावर राहिला, तर खरेदीदाराचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

तूरडाळ किंवा हरभराडाळ पाकिटात भरून थेट घरगुती गिऱ्हाइकास विकावयाची असेल, तर काही गोष्टी ऐच्छिक राहत नाहीत. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापलेला असला पाहिजे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार इंटरनेटवरील विक्रीतही मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किंमत आणि उत्पादकाचे नाव व पत्ता दाखवावा लागतो. हे ओझे समजू नये. अनोळखी गिऱ्हाइकास भरवसा देणारी ही खूण आहे.

मोबाईल, छायाचित्रे आणि लिपी

संकेतस्थळ तयार करणारा कारागीर ते मोठ्या पडद्यावर दाखवितो आणि तेथे ते सुंदर दिसते. पण पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती मोबाईल असतो. अक्षरे बारीक, कळा एकमेकींस चिकटलेल्या आणि तक्ता पडद्याबाहेर गेलेला असेल, तर तो वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांस मोबाईलवरील शोधात झुकते माप देण्यास गूगलने २०१५ सालापासून आरंभ केला, ही गोष्टही विसरू नये.

दुसरी बाब छायाचित्रांच्या वजनाची. आजच्या मोबाईलने काढलेले एक छायाचित्र सहज तीन ते पाच एमबी भरते. तेच आकाराने लहान करून दोनशे केबीच्या आत बसविता येते आणि मोबाईलच्या पडद्यावर डोळ्यास फरक जाणवत नाही. अशी दहा जड छायाचित्रे एका पानावर लादली, तर मंद जोडणीवर पान उघडतच नाही. बैलगाडीत तिच्या ताकदीपेक्षा अधिक पोती घालू नयेत, हा नियम येथेही लागू आहे.

तिसरी बाब लिपीची, आणि मराठी संकेतस्थळांत ती फार उपेक्षिली जाते. छापखान्यातील जुन्या वळणाच्या संगणकीय अक्षरांत मजकूर लिहिला, किंवा भावपत्रक चित्र म्हणून डकवले, तर माणसास ते वाचता येते, पण शोधयंत्रास त्याचा अर्थ लावणे अवघड जाते. मजकूर युनिकोड देवनागरीतच टंकलिखित असावा. संकेतस्थळाचा पत्तासुद्धा देवनागरीत घेता येतो. ‘डॉट भारत’ ही सोय २०१४ सालापासून उपलब्ध आहे. परप्रांतीय खरेदीदारासाठी मात्र रोमन लिपीतील पत्ताही जोडीस ठेवणे इष्ट.

सातबारा कोणाच्या नावे?

जमीन आपण कसावी आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे असावा, असे कोणताही शेतकरी चालू देणार नाही. पण संकेतस्थळाच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. पत्त्याची नोंदणी कारागिराच्या नावे होते. तो गाव सोडून गेला किंवा नूतनीकरणाची मुदत चुकली की पत्ता हातचा जातो आणि पाकिटांवर छापलेले नाव निकामी होते. नोंदणी कंपनीच्याच नावे असावी, परवलीचा शब्द कंपनीच्या दप्तरी असावा आणि नूतनीकरणाची तारीख सभेच्या वहीत लिहिलेली असावी.

एक आक्षेप

व्हॉट्सॲपवर माल विकला जात असताना हा खर्च कशास, असे काही जण विचारतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. ज्यांचा माल थोडा आहे आणि गिऱ्हाईक ओळखीचे आहे, त्यांनी व्हॉट्सॲपवरच भागवावे. परंतु निरोप ओळखीच्या माणसापर्यंतच पोचतो. संकेतस्थळ अनोळखी माणसास वाट दाखविते. शेतकऱ्यास भाव कमी मिळतो त्याचे एक कारण असे की, त्याच्या मालास मागणारे हात थोडे असतात. एकच खरेदीदार असेल तर तो म्हणेल तो भाव. दुसरा व तिसरा आला की शेतकऱ्याच्या शब्दास वजन येते. त्यांना आणण्याचे हे एक साधन आहे. अर्थात वाईट माल चांगल्या पानामुळे दुसऱ्यांदा विकला जात नाही, हेही तितकेच खरे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. पिकाची पाहणी करावी तशी त्यांनी संकेतस्थळाची पाहणी करावी. कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्या गृहस्थाच्या हाती साधा मोबाईल द्यावा आणि मालाची प्रत, भाव व संपर्काचा क्रमांक शोधून काढावयास सांगावे. एका मिनिटात त्यास हे तीनही सापडले नाहीत, तर दोष त्या गृहस्थाचा नव्हे, मांडणीचा आहे. ही चाचणी प्रत्येक हंगामाच्या आरंभी व्हावी आणि आढळलेले दोष माल तयार होण्यापूर्वी दूर करावेत. चार-पाच साधी, खरी व ताजी पाने भपकेदार पसाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. पेरणीपासून मळणीपर्यंत घेतलेले कष्ट मालाच्या मांडणीपाशी येऊन वाया जाऊ नयेत, ह्यासाठी शेतकरी बांधवांनी आपल्या कंपनीचे पान आजच उघडून खरेदीदाराच्या दृष्टीने एकवार वाचावे.