कळवळा आणि त्याचे मोल

आज आषाढी एकादशी. घरोघरी विठ्ठलनामाचा गजर चालू आहे. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, त्यांचे चित्तही चंद्रभागेच्या वाळवंटी पोहोचले आहे. अशा मंगलदिनी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते. परदुःख पाहून आपले डोळे भरून येतात. मग हात का आखडतो?

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्याच जिल्ह्यातील गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये, पीककर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असे सरकारला कळविले. ती वार्ता वाचून कोण हळहळले नसेल? परंतु हळहळण्यास काही खर्चावे लागत नाही. मूठ उघडण्याची वेळ आली की घरचे बियाणे, मुलांचे शिक्षण, लेकीचे लग्न डोळ्यांपुढे उभे राहते. ही चिंता खरी आहे. तिला पाप म्हणणे अन्यायाचे होईल.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांना खुली केली, ती प्राणांवर उदार होऊन. एकनाथांनी रामेश्वरास नेण्याचे गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, तेव्हा त्यांनी एवढ्या वाटचालीचे पुण्यच वेचले. दयेपायी आपण काय सोडले, यावरच तिचा कस लागतो, हे या कथांचे मर्म होय.

सर्वांनाच दामाजी होता येणार नाही. त्यांच्यासाठी वारीनेच वाट घालून दिली आहे. दिंडी मुक्कामास आली की एक घर पीठ देते, दुसरे डाळ, तिसरे सरपण. आयाबाया भाकरी थापतात. शेकडोंची पंगत उठते, तरी कोणाची कणगी रिती होत नाही. हाच न्याय अडलेल्या शेजाऱ्यास का लावू नये? ऐन पेरणीत कोणी बियाणे द्यावे, कोणी बैलजोडी, कोणी दोन दिवसांचे श्रम. एवढ्याने कर्ज फिटणार नाही आणि शासनाचे उत्तरदायित्वही टळणार नाही. पण रान पडीक राहणार नाही आणि माणूस एकटा पडणार नाही.

आज फराळाचे ताट थोडे हलके ठेवावे आणि वाचलेला शिधा अडल्या घरी पोहोचवावा. पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे. हात पुढे करण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.