लंब रेषा आणि यंत्रापुढचे मूल

दोन तिरप्या रेषा परस्परांना लंब असतील तर त्यांच्या चढांचा गुणाकार उणे एक येतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. तो का येतो, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. कित्येक वर्षे मीही हे सूत्र पाठच करून घेतले. आज मला ती चूक वाटते.

कारण दाखविण्यास आलेख-कागद पुरतो. उजवीकडे ४ घरे व वर ३ घरे जाणारी रेषा काढावी आणि कागद डावीकडे काटकोनात फिरवावा. उजवीकडची ४ घरे आता वर जातात, वरची ३ घरे डावीकडे वळतात. ३/४ हा चढ −४/३ होतो. उणे चिन्ह कोठून आले, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

उभ्या रेषेला मात्र चढच नसतो. तेथे सूत्र अडते. म्हणून ३क्ष + ४य = १२ यासारख्या रूपावर भर द्यावा. सहगुणकांची अदलाबदल करावी, एकाचे चिन्ह पालटावे; (४, ०) मधून जाणारी लंब रेषा ४क्ष − ३य = १६ अशी मिळते.

आपली पुष्कळ मुले पुढे आयटीआय करून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जातात. सीएनसी मिलिंग यंत्रावर हीच पहिली रेषा धातूची कड मानू; धातू आरंभबिंदूच्या बाजूस, मापे मिलिमीटरमध्ये. १० मिलिमीटर व्यासाच्या कटरचा मध्य कडेवरून नेता येत नाही. तो लंब दिशेने ५ मिलिमीटर बाहेर हवा. कटर (४, ०) ला टेकते तेव्हा मध्य (७, ४) वर असतो. समीकरणात घालून पाहावे : २८ − १२ = १६.

हा हिशेब यंत्रच करते, मग मुलांना शीण कशाला, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु कटर कडेच्या डावीकडून न्यावयाचे की उजवीकडून, म्हणजे जी ४१ की जी ४२, हे यंत्राला माणूसच सांगतो. बाजू चुकली की मध्य (१, −४) वर येतो आणि कटर मालातच घुसते. तो माल भंगारात जातो. बोल मात्र नवख्या मुलाला लागतो. प्रोग्राम वाचून चूक आधीच हेरणारा मुलगा आयुष्यभर नुसते बटण दाबत राहत नाही. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभारताना सुमंत मुळगावकरांनी वाहनांआधी यंत्रावजारे आणि प्रशिक्षण हाती घेतले, ते उगीच नव्हे.

वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत आठवड्याचा एक तास यासाठी राखावा, एवढीच माझी सूचना आहे. आलेख-कागद, गुण्या आणि वर्तुळाकार कापलेला पुठ्ठा पुरे. पुठ्ठ्याचे कटर मुलांनी स्वतः कडेवरून फिरवावे.