महाराज, एवढं तुम्हीच मिटवा!

दिवाळीच्या अंकात असला विषय घेऊ नये, अशी सूचना आमच्या घरातूनच आली. फराळाच्या ताटात कडू कशाला, असा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड खरा. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस आपण जिभेला लावतोच की नाही? मग करंजीकडे वळतो. वाचकांनी हे पान तेवढ्यापुरते कारीट समजावे आणि मग खुशाल पुढच्या विनोदी कथेकडे वळावे.

विषय असा: धर्माच्या कामातल्या माणसाकडे कोणी एखाद्या भयंकर गुन्ह्याची तक्रार घेऊन आले, किंवा गुन्हा करणारा स्वतःच कबुली द्यायला आला, तर त्याने काय करावे?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो वाशीच्या मामांनी. वाशी म्हटले की मुंबईकर लगेच मनाने खाडीपूल ओलांडतात. ती वाशी नव्हे. ही धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगररांगेतली तालुक्याची वाशी. ह्याच तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जवळच्या कुंथलगिरीचा पेढा ज्याने खाल्ला त्याला त्याची ओळख करून द्यायला नको. मामांची तिथे थोडी कोरडवाहू शेती आहे. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे काकडा, वर्षाला एक हरिनाम सप्ताह. त्यांना कोणी गादीवर बसवलेले नाही, पगार तर नाहीच. तरी आसपासची पाचपन्नास घरे त्यांना 'महाराज' म्हणतात. असल्या माणसाकडे लोक दोनच गोष्टी घेऊन येतात : एक मुहूर्त आणि दुसरी भानगड.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी मामा सप्ताहाला गेले होते. काल्याच्या आदल्या रात्री एक बाई देवळाच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिची मुलगी तेरा वर्षांची. जिच्याविषयी आईने काय सांगितले ते मी इथे लिहीत नाही, सुज्ञांना कळेल. ज्या माणसाचे नाव तिने घेतले, तो सप्ताहाला दरवर्षी एक पंगत देणारा. गावातल्या चार वडीलधाऱ्यांना हे आधीच कळले होते. त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. त्याने देवापुढे नाक घासावे, पंढरीची एक वारी पायी करावी, मुलीच्या लग्नाला हातभार लावावा. "महाराज, एवढं तुम्हीच मिटवा. बाहेर गेलं तर पोरीचंच नाव जाईल."

मामा मला म्हणाले, "भाच्या, खरं सांगू का, मला त्यांचं बोलणं क्षणभर पटलं बी. माणसं वाईट न्हवती. पर मी इचारलं, 'मिटवायचं म्हंजी कुणाचं? त्याचं, का लेकराचं?' कुणी बोलंना."

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन उरकून मामा त्या मायलेकींबरोबर ठाण्यात गेले. पुढचे आता न्यायालयापुढे आहे, म्हणून त्याविषयी बोलणे नको. मामांना त्या गावाने पुढे दोन वर्षे सप्ताहाला बोलावले नाही, एवढे मात्र सांगतो.

मामांची ही हकीकत ऐकली आणि मला अमेरिकेतले एक प्रकरण आठवले. तिकडे 'मॉर्मन' नावाने ओळखला जाणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. जोसेफ स्मिथ ह्यांनी १८३० साली तो स्थापला आणि आज त्याचे मुख्य ठाणे सॉल्ट लेक सिटीला आहे. त्यांचे स्थानिक बिशप हे आपल्या मामांसारखेच बिनपगारी. आठवडाभर आपला नोकरीधंदा करायचा आणि उरलेल्या वेळात मंडळींची सुखदुःखे पाहायची. काही वर्षांनी तो भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. ॲरिझोना राज्यात अशाच एका बिशपपुढे एका बापाने कबुली दिली, की आपण आपल्याच लहान मुलीवर अत्याचार करीत आहोत. बिशप पेशाने डॉक्टर! पंथाने १९९५ पासून आपल्या बिशपांसाठी एक दूरध्वनी-सेवा ठेवली आहे. तिला त्याने फोन केला. तिथून सल्ला मिळाला तो कबुली गुप्त ठेवण्याचा. बापाला पुढे, २०१३ साली, पंथातून काढण्यात आले. पण पोलिसांना कोणी कळवले नाही, आणि घरातला प्रकार वर्षानुवर्षे चालू राहिला. त्याला अटक झाली ती २०१७ मध्ये. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने २०२२ साली हे सारे उजेडात आणले. आपली दूरध्वनी-सेवा मुलांच्या रक्षणासाठी आणि कायदा पाळला जावा म्हणूनच आहे, असे पंथाचे म्हणणे. त्याने त्या वृत्तावर आक्षेपही घेतला. ॲरिझोनाचा कायदा धर्मगुरूला कबुली गुप्त ठेवण्याची मुभा देतो आणि तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०२३ साली त्या मुभेच्या बाजूनेच कौल दिला.

म्हणजे कायद्याने सारे यथासांग झाले! फक्त ती मुलगी घरातच राहिली.

'हे साहेबांच्या देशातले, आपल्याकडे नाही' असे म्हणण्याची मात्र सोय नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका पाद्र्याला एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणी जन्मठेप सुनावली. ती तक्रार २०१५ सालची. मुलाचे कुटुंब भाविक. तेही आधी चर्चच्या वरिष्ठांकडेच गेले होते. आधी घरच्या वडीलधाऱ्यांकडे जावे, मग सरकारकडे, ही आपली सर्वांचीच रीत, मग देऊळ कोणतेही असो.

आणि ह्या रीतीची जुनी उदाहरणे हवी असतील तर दीडशेहून अधिक वर्षे मागे चला. मुंबईत १८६० साली करसनदास मुळजी ह्या तरुण गुजराती पत्रकाराने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला. तो स्वतः त्याच संप्रदायातला. महाराज जदुनाथजींनी पन्नास हजारांची बेअब्रूची फिर्याद ठोकली. पण मला त्या खटल्यापेक्षा त्याच्या अलीकडची एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. आरोप खरा की खोटा, हा प्रश्न त्या सभेपुढे नव्हताच. कोणी बोलू नये, एवढाच होता. करसनदासाने त्या पुढाऱ्यांनाच न्यायालयात खेचले आणि १८६१ साली साक्षीदारांना अडवण्याचा कट केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. मग १८६२ मध्ये मुख्य खटला उभा राहिला तेव्हा आमचे डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना कोणत्या रोगावर औषध दिले ते त्यांनी भर न्यायालयात सांगितले. वैद्याने रोग्याचे गुपित फोडावे काय, ह्यावर वाद घालता येईल. करसनदास सुटला.

जातीबाहेर टाकण्याच्या ह्याच हत्याराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाटियांच्या सभेनंतर दीड शतकाने!

आता कोणी म्हणेल, प्रायश्चित्त ही आपली थोर परंपरा आहे. आहेच. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी लोक लांबलांबून जात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच परंपरेत रामशास्त्री प्रभुणे बसलेले आहेत, हे विसरून कसे चालेल? ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले. शास्त्रीबुवांनी गाजावाजा न करता चौकशी केली आणि बोट थेट नव्या धन्याकडे वळले. दादांनी, म्हणतात, प्रायश्चित्त काय ते विचारले. एखाद्या सोयीच्या पंडिताने इथे गोदाने, ब्राह्मणभोजन, फार तर काशीयात्रा सांगितली असती. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पापाची कबुली घेणारा आणि गुन्ह्याचा निवाडा करणारा हे दोघे त्यांच्यात एकच होते; पण पहिल्याने दुसऱ्याचे तोंड दाबले नाही. आपण त्यांचे नाव नाटकांतून आणि भाषणांतून मोठ्या कौतुकाने घेतो आणि गावात तसाच प्रसंग आला की पंगत देणाऱ्याची सोय बघतो.

आपला आजचा कायदा ह्या बाबतीत अमेरिकेच्या कितीतरी पुढे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचा २०१२ सालचा 'पोक्सो' कायदा, कलम १९ : असा गुन्हा घडला हे ज्याला कळले, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटली, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. त्यात पाद्री, मौलवी, महाराज, डॉक्टर कोणीही वगळलेला नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी दडवले तर वर्षापर्यंत. पुराव्याच्या कायद्यात वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचे संरक्षण आहे, धर्मगुरूला नाही. आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दावा लागत नाही. 'पोरीचं नाव जाईल' ह्या धाकालाही त्या कायद्यात उत्तर आहे. मुलाची ओळख वर्तमानपत्रात छापणे गुन्हा, आणि जबानी मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायची. मामा सांगत होते, "बाई आली ती साध्या साडीत. लेकरू आधी तिच्या पिशवीत काय हाय तेच बघत बसलं."

कायदा कागदावर चांगला आहे, एवढ्याने काम भागत नाही, हे मीही जाणतो. आरोप खोटाही असू शकतो, हेही खरे. पण खरे-खोटे ठरवणे हे काम मामांचे नाही, त्या चार वडीलधाऱ्यांचे तर मुळीच नाही. मामांना मी विचारले, "पण मामा, तो माणूस स्वतःच तुमच्या पायाशी येऊन रडला असता तर?"

मामा बराच वेळ सुपारी कातरत होते. "रडू दिलं असतं," ते म्हणाले. "रडायला देऊळच हाय की. मग म्हनलं असतं, चल, मी बी येतो ठाण्यापत्तुर."

अलीकडे मामांनी देवळाच्या भिंतीवर, पंगतींच्या यादीशेजारी, पेंटरकडून एक आकडा लिहून घेतला आहे : १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी. मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ चष्मा सावरून तो वाचत होते. "हा कुन्या म्हाराजांचा नंबर?" त्यांनी मला विचारले. मी सांगू लागलो, तेवढ्यात आत हरिपाठ सुरू झाला. ते म्हणाले, "थांबा, मोबाइलात घालून घ्या माझ्या. मला ते जमत न्हाई."